भुजंगरावांची शपथ

शमुवेलने ओल्या फडक्याचा बोळा मालोजीच्या ओठांवर दाबला आणि वाट पाहिली. पाणी हनुवटीवरून ओघळून मानेखालच्या गोधडीत जिरलं. एक थेंबही आत गेला नाही. त्याने बोळा पुन्हा बुडवला, पुन्हा दाबला. दुपार कलल्यापासून तो हेच करत होता, कारण करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

"मालोजी, गीळ रे. एवढं एकदा गीळ."

सोळा वर्षांचा मुलगा अर्धवट उघड्या डोळ्यांनी बांबूच्या तट्ट्याकडे बघत होता. बघत होता असं आपलं म्हणायचं. सकाळी तो "नीरु, नीरु" म्हणून पाणी मागत होता; या घरची मुलं शुद्धीत आईशी मराठी बोलत आणि तापात कानडीत बरळत. तेव्हा दोन घोट तरी गेले होते. आता काखेतली गाठ हात जवळ घेऊ देत नव्हती आणि श्वास छातीच्या वरच्या वरच चालला होता.

नंजनगूडच्या रस्त्यालगतच्या माळावर सरकारने प्लेगसाठी झोपड्या बांधल्या होत्या. आजारी एका बाजूला, घरची माणसं दुसऱ्या बाजूला, मध्ये चुन्याची रेघ. कंपाउंडर रोज सकाळी येई, दारातूनच डोकावे आणि औषधाची बाटली ठेवून जाई. आज त्याने बाटलीही ठेवली नव्हती. शमुवेलने विचारलं तेव्हा मान हलवून तो पुढच्या झोपडीकडे निघून गेला.

शमुवेल काही वैद्य नव्हता. नगरच्या ख्रिस्ती मंडळीने त्याला इकडे धाडलं होतं ते वाढत्या वयाच्या मुलांमध्ये काम करायला. म्हैसुरात जुन्या पलटणींबरोबर गेलेली मराठी घरं आहेत, त्यांच्या मुलांना त्यांच्या भाषेत शुभवर्तमान सांगणारं कुणी नाही, तर तू जा, एवढाच हुकूम. नगरला म्हैसुराविषयी असं बोलत की जणू तो समुद्रापलीकडचा देश. निरोपाच्या प्रार्थनेत मंडळीतल्या एका म्हाताऱ्या वडीलधाऱ्यांनी 'परक्या राजाच्या राज्यात, परक्या भाषेत' असं म्हणून डोळे पुसले होते, आणि पंचविशीतल्या शमुवेलला स्वतःचा अभिमान वाटला होता.

इथे मुलं आली ती लेझमीसाठी. तो लेझीम चांगली शिकवायचा, पहाडी आवाजात गायचा, गणितं सोडवून द्यायचा. मध्ये येशूची गोष्ट आली की मुलं तीही ऐकून घेत. आणि घरच्यांनी त्यांना येऊ दिलं ते त्याच्या बोलण्यासाठी. पिढ्यान्पिढ्या कानडी मुलखात राहून या लोकांचं मराठी अर्धं कानडीत मुरलेलं. हा कोटवाला पाद्री असं चोख मराठी बोलतो म्हटल्यावर म्हाताऱ्या बायका नुसतं ऐकायला ओसरीवर येऊन बसत. असं बोलणारा माणूस बाटला असला तरी कुणीतरी बड्या घरातला असणार, हे त्यांनी आपसांत ठरवून टाकलं. नगरला भिंगारदिवे हे आडनाव कानी पडलं की समोरचा दोन पावलं मागे सरे. इथे त्या आडनावाचा कुणाला काही बोध झाला नाही आणि शमुवेलनेही तो करून दिला नाही. ख्रिस्तात जात नाही, मग सांगायची तरी कशाला, असं तो स्वतःला समजावी. पहिल्यांदा तो संकोच होता. पुढे पुढे ती सोय झाली.

इतकं करून एकाही मुलाने बाप्तिस्मा घेतला नव्हता. नगरहून विचारणा व्हायची आणि तो 'भूमी नांगरतो आहे' असं काहीतरी कळवायचा. दसऱ्याची धामधूम संपली त्या आठवड्यात मात्र लेझमी गोळा करता करता मालोजी आपणहून म्हणाला होता, "मास्तर, मी घेणार. पण अव्वाला आधी मी सांगतो. तिच्या पाठीमागं बेड. तसं नको."

त्या रात्री शमुवेल गुडघ्यांवर बसून रडला होता. आनंदाने.

त्यानंतर मंडी मोहल्ल्यात उंदीर पडायला लागले. मालोजीचा थोरला भाऊ सयाजी गेला. त्याच्या उशाशी बसलेली कृष्णवेणी आत्या त्याच्या पाठोपाठ गेली. सरकारी माणसांनी घराची कौलं उतरवली, भिंतींना चुना फासला आणि उरलेल्यांना माळावर आणलं. अव्वाला, म्हणजे आईला, सांगायचं राहून गेलं, कारण माळावर आल्यावर मालोजीच्याच काखेत गाठ आली.

त्याला रेघेपलीकडे नेलं तेव्हा त्याची आई गोदावरीबाई मागे धावली. भुजंगराव, म्हणजे मालोजीचे वडील, सरकारी घोडदळातले निवृत्त दफेदार. त्यांनी तिचा हात धरला नाही. जागचे हललेही नाहीत. तिथूनच ओरडले, "माझी शपथ आहे. आत पाऊल टाकलंस तर माझं मेलं तोंड बघशील."

ती थबकली. बहिणीचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं आणि कडेवर दोन वर्षांची धाकटी वनजा होती, हे सगळं तिला कळत होतं. पण ते स्वतः रेघेकडे निघाले तेव्हा तिनेही तेच केलं. "मग तुम्हालाही माझी शपथ."

अशी शपथ त्या घरात कुणी मोडत नसे. ज्याची शपथ त्याच्या जिवावर येते, हे लहान पोरालाही ठाऊक. दोघांनी एकमेकांना बांधून ठेवलं आणि मुलगा आत एकटा राहिला. शहरातून त्याला पाहायला आलेला शमुवेल तेवढा कुणाच्या शपथेत नव्हता. तो आत गेला आणि तेव्हापासून आतच होता.

"मास्तर!"

तो बाहेर आला. उन्हं उतरली होती. गोदावरीबाई रेघेला लागून उभी होती. तिच्या हातात लाखेने तोंड बंद केलेला तांब्याचा छोटा गडू होता, त्याच्यावर तुळशीचं एक पान. भुजंगराव मागे दगडावर बसले होते आणि वनजा त्यांच्या मांडीवर झोपली होती.

"श्वास कसा आहे?"

"वरवर चाललाय, बाई."

तिने मान हलवली, जणू बाजारातला भाव ऐकला. मग वाकून गडू रेघेपलीकडे ठेवला.

"भटजी येत नाहीत म्हणाले. हे गंगेचं पाणी आहे, सासूबाईंनी काशीहून आणलेलं. त्याच्या तोंडात घाला. पान जिभेवर ठेवा आणि कानात रामाचं नाव घ्या. मोठ्यानं घ्या. मला इथवर ऐकू यायला पाहिजे."

शमुवेलने गडू उचलला. तो आत गेला.

गडूच्या तोंडावरची लाख त्याने नखाने उकरून काढली. पाणी स्वच्छ होतं. मालोजीच्या उशाशी बसल्यावर त्याच्या मनात जे आलं ते इतकं सरळ आलं की तो दचकला. मरणाऱ्याला कुणीही विश्वासू बाप्तिस्मा देऊ शकतो, हे त्याला शिकवलेलं होतं. पाणी कुठलंही चालतं. मुलाने स्वतःच्या तोंडाने मागितलेलं होतं. कपाळावर तीनदा शिंपडायचं, तीन नावं घ्यायची, मग उरलेलं तोंडात घालायचं. बाहेर कुणाला काय कळणार? आणि नाही दिला, तर हा आपल्यावर विसंबलेला मुलगा असाच जाणार, दाराशी येऊन दाराबाहेरच राहणार. शमुवेलचा यावर खरोखर विश्वास होता.

"प्रभू, एवढा एक दे," तो पुटपुटला. "एवढा एकच दे."

त्याने बोटं बुडवली. कपाळापर्यंत नेलीही. आणि त्याच वेळी त्याला जाणवलं की नगरला कळवायचं वाक्य मनात तयार झालेलं आहे. 'मंडी मोहल्ल्यातील एका मराठा कुळातील तरुण.' कुळसुद्धा घातलं होतं त्याने. मुलगा अजून श्वास घेत होता आणि हा त्याचं कूळ लिहीत होता.

त्याने हात मागे घेतला. अव्वाच्या पाठीमागं बेड, असं मालोजी म्हणाला होता. एवढी एकच अट घातली होती त्याने.

मग नुसतं तिने सांगितलेलं तरी करावं. पान जिभेवर ठेवणं त्याला जड नव्हतं. ते नाव घेणं जड होतं, पण मरणाऱ्या मुलाच्या आईसाठी कदाचित तेही जीभ रेटून घेता आलं असतं. त्याने पान उचललं आणि पुन्हा ठेवलं. बाहेर जी बाई कान देऊन उभी होती, तिने हे पाणी ज्याच्या हाती दिलं असं तिला वाटत होतं तो माणूस शमुवेल नव्हताच. बाप्तिस्मा दिला तरी चोरी आणि गंगाजळ घातलं तरी चोरीच.

गडू घेऊन तो बाहेर आला.

"नाव ऐकू आलं नाही," गोदावरीबाई म्हणाली.

"बाई, माझ्या हातून हे व्हायचं नाही."

"का?"

"मला ते नाव घेता येत नाही. आणि..." दगडावरून भुजंगराव उठताना त्याला दिसले. "आणि मी कोण ते तुम्हाला ठाऊक नाही. माझे वडील ख्रिस्ती झाले ते काही बड्या घरातून नाही. आम्ही नगरकडचे महार. आजोबा गावाची वेस राखायचे, गावाबाहेर राहायचे. तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. आता न सांगता हे पाणी घातलं तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल."

गोदावरीबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग ती मागे वळली आणि एवढ्या मोठ्याने बोलली की पलीकडच्या झोपडीतलं माणूस दारात आलं.

"ऐकलंत का? मास्तर महार आहेत. स्वतः सांगतायत."

भुजंगराव वनजाला खांद्यावर टाकून पुढे आले. रागाने त्यांच्या मिशा थरथरत होत्या. "वर्षभर माझ्या ओसरीवर बसलात. माझ्या आईला, ती होती तोवर, गाणी म्हणून दाखवलीत. आणि आत्ता सांगता? या घडीला?"

"या घडीलाच सांगणं भाग पडलं, दफेदार."

"ते मागून," गोदावरीबाई मध्येच म्हणाली. "आधी हे बोला. पोराच्या तोंडात शेवटचं पाणी कोण घालणार?"

"इतके दिवस यांनीच पाजलं की."

"ते औषधाचं. आजाऱ्याला कुणीही पाजावं. हे गंगेचं आहे, तुमच्या आईनं डोक्यावरून आणलेलं. हे असं गेलं तर पितरांना काय सांगाल? आईला काय सांगाल वर गेल्यावर?"

"दुसरं कुणी बघतो मी."

"कोण? नाव घ्या, कोण. सगळा मोहल्ला पळालाय. तुम्हाला माझी शपथ, मला तुमची." तिने पदर खोचला. "मला सोडवा. सुटली म्हणा."

भुजंगरावांच्या तोंडचा राग बघता बघता उतरला आणि तिथे निव्वळ भीती राहिली. "गोदे, वनजा आहे."

"ठाऊक आहे मला वनजा आहे!" तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मी नको म्हटलं का तिला? सुटली म्हणा."

"तू मला सोडव. मी जातो."

"तुम्हाला नाही सोडवायची मी. आई मी आहे त्याची."

भुजंगराव एकदम शमुवेलकडे वळले. एवढा मोठा माणूस, लढाईवर जाऊन आलेला, रेघेच्या पलीकडे हात जोडून उभा राहिला.

"मास्तर, खोटं आहे म्हणा. मी पाया पडतो. मराठा आहे म्हणा, ब्राह्मण आहे म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा, मी ऐकतो. फक्त हिला आत जाऊ देऊ नका. कृष्णवेणी अशीच गेली. तुम्हीच घाला ते पाणी. मी कुणाला काही सांगणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं आणि त्या सांगण्याने एक बाई मरणाच्या झोपडीत चालली होती. इतके दिवस गप्प राहून जे जमलं ते आणखी एक वाक्य बोलून जमण्यासारखं होतं. घाबरून बोललो, असं म्हणायचं. जीव वाचत असेल तर देवही रागावणार नाही. त्याने तोंड उघडलं.

"मास्तर." गोदावरीबाई त्याच्याकडे बघत होती. "खरं बोललात ना? आता फिरवू नका."

तिच्या डोळ्यांत त्याला राग दिसला नाही, किळसही दिसली नाही. होती ती नुसती विनवणी. मुलगा आत होता, आई दहा पावलांवर होती आणि मधली रेघ पुसायला तिला या एका वाक्याखेरीज काही मिळालेलं नव्हतं. त्याला ते नीट कळलं असं नाही. त्याच्याने खोटं बोलवेना, एवढंच.

"खरं आहे," तो म्हणाला.

भुजंगरावांनी मान खाली घातली. मग ओठ हलले.

"मोठ्यानं म्हणा," ती म्हणाली.

"सुटली! सुटली, जा!"

त्या ओरडण्याने वनजा जागी झाली आणि रडायला लागली. गोदावरीबाईने तिच्याकडे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ती गेली नसती. ती रेघ ओलांडून आली. शमुवेल गडू जमिनीवर ठेवायला वाकत होता, तेवढ्यात तिने तो त्याच्या हातातून घेतला आणि झोपडीत शिरली.

तो दाराशी बसला. आतून तिचा आवाज येत होता. ती रामाचं नाव घेत नव्हती. खेळून उशिरा घरी आलेल्या मुलाला बोलावं तशी ती बोलत होती. "किती हाका मारल्यास रे. आले ना आता. हे बघ, डोकं इथं ठेव. असं. सुम्ने रडू नको, उगाच त्रास होतो. अव्वा आहे ना." मग पाणी ओतल्याचा बारीक आवाज, आणि त्यानंतर तिने ते नाव घेतलं, अगदी हळू. रेघेपर्यंत ते ऐकू गेलं नसतं.

शमुवेलने डोकं गुडघ्यांत घातलं. मालोजी आईला जे सांगणार होता ते आता तिला कुणीच सांगणार नव्हतं. आपण सांगावं असं त्याला एकदा वाटलं आणि ते आपलं सांगायचं नव्हे हेही कळलं. प्रार्थना करायचा प्रयत्न केला तर त्याला शब्दच सापडेनात. इतके दिवस पोरांना शब्द पुरवणारा माणूस, त्याच्याजवळ आज आपल्यापुरतेही नव्हते.

ती बाहेर आली तेव्हा माळावर अजून उजेड होता. केस सुटले होते, लुगड्याचा पुढचा भाग ओला होता. रेघेपलीकडे भुजंगराव तसेच उभे होते. ती त्यांच्याकडे बघून कानडीत एकच शब्द बोलली, "आयितु." झालं. ते होते तिथे खाली बसले. वनजाला त्यांनी छातीशी इतकं घट्ट धरलं की ती पुन्हा रडायला लागली. ते ऐकून गोदावरीबाईचं पाऊल रेघेकडे वळलं आणि थांबलं. आता तिला पलीकडे जाता येत नव्हतं. गाठ येते की नाही, हे कळेपर्यंत ती या बाजूची.

ती शमुवेलपाशी येऊन उकिडवी बसली. त्याच्याजवळ त्याचा तांब्या होता, सकाळी भरून आणलेला.

"घाला, मास्तर," ती म्हणाली आणि दोन्ही हात जोडून तिने ओंजळ हनुवटीखाली धरली.

"बाई, हा तांब्या माझा आहे. मी यातून प्यालोय."

"मग? मढ्याला शिवलेली मी, भांड्याला कसा हात लावू? घाला."

त्याने तांब्या उचलला, पण हात पुढे होईना. "मी काय सांगितलं ते तुम्ही..."

"हळू." तिने एकवार नवऱ्याच्या दिशेने पाहिलं. आवाज अगदी खाली आणला. "आमच्या ओसरीवर पहिल्यांदा आलात ना, तेव्हा मी फुलपात्र पुढं केलं होतं. तुम्ही ते घेतलंच नाही. पायरीखाली उतरून अशीच ओंजळ धरलीत. तुमच्या ध्यानातही नसेल. तसं कोण बसतं ते काय फक्त तुमच्या नगरलाच कळतं? इथंही तसंच बसायला लावतात, मास्तर."

शमुवेलने मान वर केली.

"इतके दिवस बोलला नाहीत."

"बोलले असते तर पोराचं जाणं बंद केलं असतं यांनी. त्याला लेझीम आवडायची." "यांना सांगू नका. मला ठाऊक होतं असं कळलं, तर त्यांनी ती शपथ सोडवली ती उगाच, असं वाटेल त्यांना."

त्याने तांब्या वाकडा केला. वरून धार कशी धरायची ते त्याला येत नव्हतं; अशी धार त्याच्या घरात कुणीच कधी धरली नव्हती. पाणी आधी तिच्या मनगटांवर सांडलं, मग ओंजळीत पडलं, आणि ती डोळे मिटून पीत राहिली.